पहाटेचा किनारा आणि कॅमेरा



सातगाव पठारावर, बटाट्याच्या शेतांनी वेढलेल्या पेठेत उभे राहून समुद्राच्या छायाचित्रांविषयी बोलायचे, म्हणजे वाळवंटात होडीची गोष्ट सांगण्यासारखे आहे, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. येथून अरबी समुद्र सरळ रेषेत शंभर-सव्वाशे किलोमीटर. परंतु या भूमीची समुद्राकडे पाठ आहे. आपली घोड नदी सह्याद्रीच्या धारेजवळ उगम पावते, समुद्र इतका जवळ असूनही त्याच्याकडे पाठ फिरवते, भीमेला मिळते, भीमा कृष्णेला मिळते, आणि ते पाणी अखेर आंध्रच्या किनाऱ्यावर बंगालच्या उपसागरात जाते. धारेच्या एक हात पलीकडे पडलेला थेंब मात्र दिवसा-दोन दिवसांत अरबी समुद्रात पोहोचतो.

तरीही या भागाचे समुद्राशी नाते जुने आहे. शेजारच्या जुन्नर तालुक्यात नाणेघाट आहे. कल्याण आणि सोपाऱ्याच्या बंदरांत उतरलेला माल त्या घाटाने वर चढे आणि जुन्नरवरून पैठणकडे जाई. घाटातल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे, तोंडाशी जकातीचा म्हणून सांगितला जाणारा दगडी रांजण आहे, आणि जुन्नरच्या लेण्यांत यवन दात्यांची नावे कोरलेली आहेत. त्यांतले काही यवन समुद्र ओलांडून आले असावेत. तेव्हा दोन हजार वर्षांपूर्वी ज्या लोकांना समुद्राची खबरबात होती, त्यांच्या वंशजांपुढे समुद्राविषयी बोलण्यात मला संकोच वाटत नाही.

आजचा विषय पहाटेचा किनारा कॅमेऱ्यात कसा पकडावा, हा. पण ‘कसा’ या प्रश्नाआधी ‘काय’ हा प्रश्न येतो. पहाटे किनाऱ्यावर नेमके काय दिसते?

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी भिंतीवर एखादी दिनदर्शिका असेल आणि तिच्यावर समुद्रातून वर येणारा तांबडा सूर्य असेल. ते चित्र मनात धरून कोणी गणपतीपुळ्याला किंवा मुरुडला पहाटे पुळणीवर जाऊन बसला, तर त्याची निराशा ठरलेली. आपला किनारा पश्चिमाभिमुख आहे. सूर्य समुद्रातून उगवत नाही, तो पाठीमागून, सह्याद्रीच्या अंगाने उगवतो. समुद्रातला सूर्योदय हवा असेल तर पुरीला जावे, विशाखापट्टणला जावे. किंवा मुंबईच्या पूर्व बाजूस, भाऊच्या धक्क्यावर वा अपोलो बंदरावर उभे राहावे. गेटवे ऑफ इंडियाचे तोंड पूर्वेकडे, बंदराच्या पाण्याकडे आहे. तेथे सूर्य पाण्यापलीकडच्या डोंगरांवरून वर येतो. एरवी कोकणात पहाटेच्या छायाचित्रकाराने सूर्याकडे पाठ करूनच उभे राहायचे असते.

मग त्याला काय मिळते? सूर्य वर येण्यापूर्वी पश्चिमेकडे पाहा. क्षितिजालगत, पाण्याच्या रेषेवर, निळसर राखी रंगाचा एक पट्टा दिसतो. पाहणाऱ्याला वाटते, धुके असेल किंवा दूर कोठे पावसाचे ढग असतील. तो ढग नव्हे. ती पृथ्वीची सावली आहे. आपण ज्या गोलावर उभे आहोत, त्या गोलाचीच सावली समोरच्या हवेवर पडलेली असते. तिच्या वर गुलाबी रंगाची कड असते. जसजसा पाठीमागे सूर्य वर सरकतो, तसतशी ही सावली खाली खाली जाते, आणि सूर्योदयाच्या सुमारास समुद्रात बुडून जाते. ज्या किनाऱ्यावर सूर्य समुद्रातून उगवतो, तेथला माणूस सूर्याच्या तेजाने दिपून मागे वळून पाहतच नाही. कोकणच्या माणसाला हे दृश्य आपोआप समोर मिळते. तेव्हा आपला किनारा पहाटेला दरिद्री आहे, असे समजू नका. त्याची श्रीमंती वेगळ्या जातीची आहे.

ही श्रीमंती फार वेळ टिकत नाही, हे मात्र लक्षात ठेवले पाहिजे. इंग्लंड-नॉर्वेकडे सूर्य तिरका चढतो, म्हणून तेथला संधिप्रकाश रेंगाळतो. आपल्या अक्षांशावर सूर्य जवळजवळ उभा चढतो. पहिले अंधुक उजाडणे सूर्योदयापूर्वी सुमारे सव्वा तास. आणि ज्यात रंग असतात, वस्तू स्पष्ट दिसतात, तो प्रकाश अवघा वीस-पंचवीस मिनिटांचा. तेवढ्यात तिपाई रोवायची, क्षितिज सरळ धरायचे, लाटांचा ठेका ओळखायचा. जो सूर्योदयाला किनाऱ्यावर पोहोचतो तो उशिरा पोहोचतो. उजाडण्याच्या आधी एक तास हजर असले पाहिजे, आणि त्याहून बरे म्हणजे आदल्या संध्याकाळी जागा पाहून ठेवली पाहिजे.

आता दुसरी गोष्ट पाण्याची. समुद्राचे छायाचित्र काढणाऱ्याला घड्याळ लागते, तितकेच पंचांग लागते. कोकणात एक सोपा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता. पौर्णिमेला आणि अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. भरतीनंतर सुमारे सव्वासहा तासांनी ओहोटी, कोकणात तिला सुकती असेही म्हणतात. भरती रोज सुमारे पाऊण तास पुढे जाते, याचेच हे सूत्र. ठिकाणाप्रमाणे थोडा फरक पडतो, म्हणून त्या बंदराचे कोष्टक पाहून घ्यावे. परंतु मनाशी आडाखा बांधायला हा हिशेब पुरतो.

याचा अर्थ काय झाला? अष्टमीच्या पहाटे पाणी भरलेले असते आणि पुळण जवळजवळ नाहीशी झालेली असते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पहाटे पूर्ण ओहोटी असते. शिवाय ते दिवस उधाणाचे. त्या दिवसांत मुंबईला भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत चार मीटरहून अधिक अंतर पडते, म्हणजे दीड मजल्याएवढे पाणी चढते आणि उतरते. पाणी जेव्हा इतके मागे जाते, तेव्हा ओली वाळू लांबवर उघडी पडते, आणि ओली वाळू म्हणजे आरसा. आकाशाचे सगळे रंग तिच्यात उतरतात.

याला आणखी एक जोड द्या. पौर्णिमेची रात्र संपून प्रतिपदेची सकाळ होते, तेव्हा पश्चिमेला चंद्र मावळत असतो. म्हणजे कोजागरीचे दूध पिऊन न झोपता जो माणूस कोकणच्या पुळणीवर जाईल, त्याला एकाच वेळी काय काय मिळेल पाहा: समोर समुद्रात उतरणारा पूर्ण चंद्र, त्याच्याभोवती पृथ्वीची निळी सावली आणि गुलाबी कड, पायाशी ओहोटीने उघडी केलेली आरशासारखी वाळू, आणि पाठीमागून सह्याद्रीवरून येणारा पहिला उजेड. हा योगायोग नव्हे. चंद्र, सूर्य आणि समुद्र यांचे हे ठरलेले गणित आहे, आणि ज्याच्या घरी पंचांग आहे त्या प्रत्येकाला ते मांडता येते.

पाण्याच्या रंगाविषयीही थोडे सांगितले पाहिजे. समुद्र निळा का? आकाशाचे प्रतिबिंब पडते म्हणून, असे एकेकाळी लॉर्ड रॅले यांच्यासारख्या थोर शास्त्रज्ञाचेही मत होते. १९२१ साली चंद्रशेखर व्यंकट रामन विलायतेहून ‘नारकुंडा’ या आगबोटीने परत येत होते. त्यांच्याजवळ एक निकोल प्रिझम होता. त्यातून पाहिले की पाण्याच्या पृष्ठभागावरून परावर्तित झालेला आकाशाचा उजेड गाळून टाकता येतो. तो गाळून टाकला तरी समुद्र निळाच राहिला, उलट निळाई वाढली. म्हणजे पाणी स्वतःच प्रकाश विखुरते. रामन यांनी या विषयावरचे टिपण लिहिले, त्यावर ठिकाण घातले आहे मुंबई बंदर. याच विचाराचा धागा पुढे १९२८ च्या त्यांच्या जगप्रसिद्ध शोधापर्यंत गेला. आज छायाचित्रकार भिंगावर जी ध्रुवक काच, म्हणजे पोलरायझर, फिरवून लावतात, ती हेच काम करते. परंतु पहाटे ती जपून वापरावी. आपल्याला ओल्या वाळूतले प्रतिबिंब हवे असेल आणि आपणच ती काच फिरवून ते पुसून टाकले, तर दोष समुद्राला देता येणार नाही.

आता कॅमेऱ्याकडे येऊ. समुद्राचे छायाचित्र ही पहिल्यापासून अवघड बाब होती. कारण सोपे आहे: आकाश उजळ, पाणी काळसर. आपला डोळा दोन्ही सांभाळून घेतो. कॅमेऱ्याला तेवढी समज नसते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला काचेवर रसायन पसरून छायाचित्रे घेत. त्या रसायनाला निळा रंग फार तीव्रतेने लागे. पाणी नीट यावे इतका वेळ दिला की आकाश कोरे पांढरे होई. आकाशातले ढग यावेत म्हणून वेळ कमी केला की समुद्र काळा ठिक्कर पडे. फ्रान्समध्ये ग्युस्ताव ल ग्रे नावाच्या छायाचित्रकाराने १८५६-५७ च्या सुमारास यातून एक वाट काढली. समुद्रासाठी एक काच आणि आकाशासाठी दुसरी, अशा दोन काचा घेऊन त्याने त्या क्षितिजाच्या रेषेवर जोडल्या. सेत या गावच्या किनाऱ्यावरील त्याची ‘मोठी लाट’ पाहून त्या काळचे लोक थक्क झाले. गंमत अशी की एकच आकाश त्याने एकाहून अधिक समुद्रांवर चढवले होते.

आपल्याकडेही ही कला उशिरा आली नाही. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालीच स्थापन झाली, आणि डॉक्टर भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू डॉक्टर नारायण दाजी हे त्या काळी तिच्यात वावरत होते. नारायण दाजी स्वतः उत्तम छायाचित्रे घेत. ल ग्रे फ्रान्सच्या किनाऱ्यावर काचा घेऊन उभा होता, त्याच दशकात मुंबईतली मराठी माणसे हीच रसायने हाताळत होती. ही गोष्ट आपण विसरता कामा नये.

ल ग्रेचे कृत्य खरे की खोटे? हा प्रश्न आज अधिकच महत्त्वाचा झाला आहे, कारण आज प्रत्येकाच्या खिशातल्या फोनमध्ये कॅमेरा आहे, आणि तो फोन कित्येक उघडझापी एकमेकींवर रचून एक चित्र बनवतो. एवढ्यावर तो थांबला तर तक्रार नाही. डोळाही तसेच करतो. परंतु आता बोटाच्या एका स्पर्शाने आकाशच बदलता येते. फिकट सकाळीवर दुसऱ्या कोठल्या तरी देशातली तांबडी-केशरी पहाट चढवता येते, आणि पश्चिमेच्या समुद्रातून सूर्य उगवतानाही दाखवता येतो! माझे म्हणणे असे आहे की, डोळ्याने जे पाहिले ते कागदावर यावे म्हणून केलेली खटपट ही कारागिरी. जे घडलेच नाही ते घडले असे दाखवणे ही थाप. ल ग्रेजवळ दुसरा मार्ग नव्हता. आपल्याजवळ आहे.

कोणी म्हणेल, मग दहा-दहा सेकंद कॅमेऱ्याचा डोळा उघडा ठेवून लाटांचे धुके करतात, ते खरे का? तो प्रश्न योग्य आहे. दहा सेकंदांत एक लाट येऊन फुटून मागे जाते, आणि चित्रात पाण्याऐवजी दुधासारखी वाफ दिसते. असे पाणी डोळ्याला कधीच दिसत नाही. पण ते घडलेले असते; त्या दहा सेकंदांची ती बेरीज असते. हिरोशी सुगिमोतो या जपानी छायाचित्रकाराने १९८० पासून जगातल्या निरनिराळ्या समुद्रांची एकाच पद्धतीची चित्रे घेतली: निम्मे पाणी, निम्मे आकाश, मध्ये क्षितिज, बाकी काही नाही. आदिमानवाने जे पाहिले तेच आपल्याला आज पाहता येईल का, असा त्याच्या शोधाचा रोख आहे. मला स्वतःला पाव किंवा अर्ध्या सेकंदाचे चित्र अधिक रुचते. परत जाणारे पाणी वाळूवर रेघा ओढते, आणि समुद्र अजून समुद्रच राहतो.

क्षितिजाविषयी एक बारीक सूचना. पुळणीवर उभ्या माणसाला दिसणारे क्षितिज सुमारे साडेचार किलोमीटरवर असते. कॅमेरा गुडघ्याखाली, एखाद्या वीतभर उंचीवर आणला की ते दोन किलोमीटरच्याही आत येते, आणि समोरची लाट डोंगराएवढी होते. टेकडीवर चढले की क्षितिज दूर जाते आणि लाटा रेघा होतात. कॅमेऱ्याची उंची बदलणे म्हणजे समुद्राचे आकारमान बदलणे. त्यासाठी महागडे भिंग लागत नाही. गुडघे टेकण्याची तयारी लागते.

पण मंडळी, किनारा म्हणजे केवळ पाणी आणि आकाश नव्हे. पहाटे किनारा कधीच निर्जन नसतो. मालवणच्या बाजूला पहाटे रापण ओढली जाते. होडीने अर्धवर्तुळाकार टाकलेले जाळे दोन बाजूंनी दोर धरून माणसे किनाऱ्यावर खेचत आणतात. ती त्यांची रोजी आहे. आपल्यासाठी मांडलेला देखावा नव्हे. त्यांना विचारावे, थोडा हात लावावा, आणि मग चित्र घ्यावे. ज्याचे चित्र घेतो त्याला ते दाखवणे, जमल्यास पोहोचते करणे, ही छायाचित्रकाराची पहिली शिष्टाई आहे.

माणसांइतकीच काळजी मुक्या जिवांची. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यात वेळास नावाचे गाव आहे. तेथे ऑलिव्ह रिडले जातीची कासवे अंडी घालायला येतात. २००२ पासून ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ ही संस्था आणि गावकरी यांनी त्यांच्या रक्षणाचे काम हाती घेतले, आणि आता उन्हाळ्याच्या तोंडाशी पिल्ले समुद्रात जाताना पाहायला लांबून लोक येतात. अंड्यातून निघालेले ते तळहातापेक्षाही लहान पिल्लू समुद्राची दिशा कशी ओळखते? समुद्रावरचे क्षितिज जमिनीपेक्षा उजळ असते, त्या उजेडाच्या रोखाने ते चालते. अशा वेळी पाठीमागून कोणी झगझगीत दिवा चमकवला तर त्याची वाट चुकते. एका चांगल्या चित्रासाठी एक जीव आडवाटेला लावायचा, हा व्यवहार तोट्याचा आहे. आणि स्वतःच्या जिवाविषयीही हेच सांगतो. हरिहरेश्वराच्या प्रदक्षिणामार्गासारख्या खडकाळ जागी भरतीच्या वेळी लाटांनी माणसे ओढून नेली आहेत. तिथीची पाऊणपट करायला शिकलो, ती केवळ सौंदर्यासाठी नव्हे.

आता मी माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. इतका खटाटोप करून हे चित्र काढायचे कशासाठी?

किनारा स्थिर नसतो. भारताच्या किनाऱ्याची लांबी आपण शाळेत सुमारे ७,५१६ किलोमीटर अशी शिकलो. अलीकडे अधिक बारकाईने मोजल्यावर ती ११,०९८ किलोमीटर भरली. जमीन वाढली नाही. मोजपट्टी बारीक झाली, आणि प्रत्येक खाडीचे वळण हिशेबात आले. पण वाळू खरोखरच हलते. मालवण तालुक्यातल्या देवबागला एका बाजूस कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूस समुद्र, मध्ये चिंचोळी पट्टी. तिची धूप होते, माड पडतात, बंधारे घालावे लागतात. अशा ठिकाणी एखाद्याने दरवर्षी त्याच जागी तिपाई ठेवून, त्याच तिथीला, त्याच उजेडात एक चित्र घेतले, तर वीस वर्षांनी त्याच्याजवळ काय असेल? पुरावा असेल. आणि तिथीच का? कारण तिथी तीच तर भरती-ओहोटीची वेळही जवळपास तीच. नाहीतर एका वर्षी भरतीचे चित्र आणि दुसऱ्या वर्षी ओहोटीचे. मग समुद्र पुढे आला की मागे गेला, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

हे आपल्याला दूरचे वाटत असेल तर जवळचे सांगतो. आपल्या तालुक्याचे नाव आंबेगाव. ज्या गावावरून हे नाव पडले, ते घोडकाठचे जुने आंबेगाव आज डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. तालुका उरला, नाव उरले, गाव गेले. त्या गावची वेस, घाट, नदीकडे उतरणारी वाट सकाळच्या उजेडात कशी दिसत होती, हे आपल्या नातवंडांना दाखवायचे असेल तर आपल्यापैकी कितीजणांच्या पेटीत एखादे चित्र निघेल? ज्यांच्याजवळ असेल त्यांनी ते जपावे, मागे नाव, जागा, साल लिहून ठेवावे, आणि त्याची प्रत वाचनालयात द्यावी. किनारा समुद्राचा असो की नदीचा, तो हलतो, बुडतो, नाहीसा होतो. कॅमेरा त्याला थांबवू शकत नाही. पण तो होता, एवढी साक्ष देऊ शकतो. म्हणूनच खोट्या आकाशाचा मला राग येतो. साक्षीदाराने एकदा थाप मारली की त्याच्या खऱ्या शब्दालाही किंमत राहत नाही.

शेवटी, ज्यांना लगेच समुद्र गाठणे शक्य नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट. पावसाळा सरता सरता आपल्याच तालुक्यातल्या आहुप्याला जा. पहाटे कड्यावर उभे राहा. खाली कोकण धुक्याने भरलेले असते आणि गोरखगड व मच्छिंद्रगडाचे सुळके बेटांसारखे वर येतात. सह्याद्रीचा हा कडा पश्चिमेकडे पाहतो, म्हणून येथेही सूर्य पाठीमागे, सावली समोर, प्रकाश तेवढाच थोडा वेळ. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर तर नशीब असेल तर खालच्या ढगांवर आपलीच सावली आणि तिच्याभोवती गोल इंद्रधनुष्य, ज्याला इंद्रवज्र म्हणतात, तेही दिसते. पश्चिमेकडची जमीन तुटून, खचून समुद्र झाला तेव्हा या कड्याची घडण सुरू झाली, असे भूशास्त्रज्ञ सांगतात. तेव्हा हा एका अर्थी समुद्राचा जुना किनाराच आहे. समुद्राचे चित्र काढण्याचे सारे धडे येथे गिरवता येतील, फक्त भरतीचे कोष्टक लागणार नाही. कड्याच्या टोकापासून चार पावले मागे राहण्याची सावधगिरी मात्र लागेल.

येत्या कोजागरीला आपल्यापैकी दोघा-चौघांनी जरी पंचांग आणि तिपाई घेऊन घाट उतरला, तरी आजच्या श्रमाचे सार्थक झाले असे मी समजेन.